घरची मेंदी: भिजवण्यापासून रंग चढेपर्यंत

सकाळी वाळलेली मेंदी खरवडली आणि तळवा फिका केशरी निघाला की घरात चुळबुळ सुरू होते. रंगच आला नाही म्हणून कोणी चुना चोळायला सांगतं, कोणी बाजारातून दुसरा कोन आणायला धावतं. खरं तर मेंदी चांगली असल्याची ती खूण आहे. मेंदीच्या पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं आणि मग हवेशी संयोग होत गडद होत जातं. केशरीपासून लालसर तपकिरीपर्यंत जायला साधारण 48 तास लागतात. मेंदीचं सगळं वेळापत्रक या दोन दिवसांभोवती बेतायचं.

पावडर केसांची नको, हातांसाठी वस्त्रगाळ केलेली घ्या. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतची पावडर आपल्याकडे सहज मिळते आणि ती भिजवल्यावर छान तार धरते, म्हणून बारीक नक्षीला सोयीची. ताज्या पावडरीला वाळल्या गवताचा वास असतो आणि रंग मळकट हिरवा असतो. पोपटी, डोळ्यांत भरणारा हिरवा दिसला तर चिमूटभर पाण्यात टाकून पाहा. पाणी लगेच गर्द हिरवं झालं तर वरून रंग मिसळलेला आहे. मळकट तपकिरी पावडर जुनी असते, ती कितीही भिजवली तरी रंग देत नाही.

100 ग्रॅम पावडरीला साधारण 250 मिलिलिटर द्रव लागतो. निम्मा गाळलेला लिंबाचा रस, निम्मं साधं पाणी. निव्वळ रसानेही चालतं, पण त्वचा कोरडी पडते. 20 ते 30 ग्रॅम पिठीसाखर आणि 30 मिलिलिटर सुगंधी तेल घाला. तेल म्हणजे नीलगिरीचं, टी ट्रीचं किंवा लव्हेंडरचं शुद्ध अर्क-तेल; खोबरेल नव्हे. गडद रंगामागे या तेलाचा मोठा हात असतो. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी नीलगिरी टाळून लव्हेंडर वापरावं. लवंगेचं तेल बऱ्याच जणांच्या त्वचेला झोंबतं, त्यामुळे आम्ही ते घालत नाही. चहाचं पाणी, कॉफी, कात यांचा आग्रह खूप घरांत असतो, पण त्यांचा रंग कातडीवर टिकत नाही. काम लॉसोनच करतं.

साखरेचं प्रमाण हवेवर ठरवा. साखरेमुळे मेंदी ओलसर राहते आणि हाताला धरून राहते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात 30 ग्रॅम घातली नाही तर तासाभरात पापुद्रे उडायला लागतात. कोकणात किंवा मुंबईत ऐन श्रावणात तेवढीच घातली तर मेंदी वाळतच नाही, हवेतला ओलावा ओढून रेषा पसरतात. तिथे 20 ग्रॅम पुरे.

आधी पावडर, साखर, रस आणि लागेल तेवढंच पाणी एकत्र कालवून गोळा श्रीखंडाइतका घट्ट ठेवा. प्लॅस्टिकचा कागद अगदी पृष्ठभागाला चिकटवून भांडं झाका. रंग सुटायला 30 अंशांच्या आसपास 8 ते 10 तास लागतात, मे महिन्यात 5-6 तासही पुरतात. घड्याळापेक्षा हाताला विचारा: तळव्यावर ठिपका ठेवून पाच मिनिटांनी पुसला आणि केशरी डाग राहिला, की मेंदी तयार. वरचा थर तपकिरी आणि आतला हिरवा दिसणं हीसुद्धा खूण आहे. उन्हात ठेवून घाई करू नका, मेंदी लवकर उतरते आणि तिचा जोर जातो. लोखंडी कढईची गरज नाही, काच किंवा स्टीलचं भांडं चालतं.

मग तेल घाला आणि उरलेलं पाणी चमचा-चमचा घालत घोटा. चमचा उचलल्यावर न तुटता तार पडावी आणि पडलेला ढीग तीन-चार सेकंदांत सपाट व्हावा. जुन्या, स्वच्छ धुतलेल्या नायलॉनच्या मोज्यातून गाळल्याशिवाय कोन भरू नका. एक काडी टोकात अडकली की सगळा कोन फुटतो. कोनासाठी 20 बाय 15 सेंटिमीटरचा जाड सेलोफेनचा तुकडा घ्या. 30 ग्रॅमचे बारा-तेरा कोन होतात. भरलेला कोन बाहेर दोन दिवस आणि फ्रीझरमध्ये काही महिने टिकतो. एकदा वितळलेला पुन्हा गोठवत बसू नका.

काढण्याआधी हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा, लोशन-तेल लावू नका. वॅक्सिंग मेंदीच्या आधी उरकावं, नंतर केलं तर रंगलेला थरच निघतो. मेंदी वरून सुकली की दोन चमचे लिंबूरसात एक चमचा साखर विरघळवून कापसाने टिपा. टिपायचं, घासायचं नाही. जास्त ओलं झालं की रेषा ओघळतात. मेंदी 6 ते 8 तास हातावर हवी. तव्यावर लवंगा टाकून हात शेकण्याची जुनी रीत उपयोगी आहे, कारण उबेने रंग चढतो. हात थोडा उंच धरा. काढताना पाणी नको, बोथट सुरीने किंवा नखाने खरवडा आणि खोबरेल चोळा. त्यानंतर 24 तास शक्यतो पाणी टाळा. चुना अल्कधर्मी असल्यामुळे त्वचा भाजू शकते, तो नकोच.

तळव्यावर त्वचा जाड म्हणून रंग सर्वांत गडद. मनगटाच्या वर फिकाच राहणार. ती मेंदी काढणाऱ्याची चूक नाही.

आपल्या लग्नांत हळद बहुधा आदल्या दिवशी असते, आणि उटणं लावून केलेली अंघोळ ताजा रंग खरवडून नेते. लग्न रविवारी असेल तर गुरुवारी संध्याकाळी मेंदी काढून घ्या. शुक्रवारी सकाळी निघते, शनिवारी हळदीला तळवे वाचवता येतात आणि रविवारी रंग ऐन भरात असतो.

वेळ नाही म्हणून आणलेल्या 'इमर्जन्सी' कोनांविषयी स्पष्ट सांगायला हवं. खरी भिजवलेली मेंदी दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने टिकूच शकत नाही. अशा काही कोनांत सोडियम पिक्रामेट हा कृत्रिम रंग सापडलेला आहे. त्याहून घातक काळी मेंदी. तिच्यात केसांच्या डायमधलं पॅराफेनिलीनडायअमीन म्हणजे पीपीडी असतं. लगदा शाईसारखा काळा, तासाभरात धुवायला सांगितलं जातं आणि खाली काळा डाग. कुठलीही शुद्ध मेंदी तासाभरात काळी होत नाही. काही दिवसांनी नक्षीच्याच आकारात खाज, पुरळ, फोड येऊ शकतात, व्रण राहू शकतात आणि पीपीडीची ॲलर्जी बहुधा जन्मभराची होते. फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि पुढे केव्हाही केस रंगवण्याआधी ही ॲलर्जी जरूर सांगा.

शुद्ध मेंदीही एका ठिकाणी धोक्याची आहे: तान्ह्या बाळांना, आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी6पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या कुणालाही लावू नये. लॉसोनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. बारशाला किंवा नागपंचमीला बाळाच्या तळव्यावर हौसेने ठिपका ठेवणाऱ्या घरांनी त्याऐवजी कुंकवाचा टिळा लावावा.