दोन ‘तो’ आणि ४३ फूट

दोन पुरुषांची प्रेमकथा आणि रहस्यकथा एकाच कादंबरीत बसवायची तर आधी गुपित ठरवावं लागतं, गुन्हा नंतर. दोघांचं प्रेम काढून टाकलं तरी गुन्हा तसाच उलगडत असेल, तर प्रेमाचं नुसतं ठिगळ लावलंय असं समजावं. माझा पहिला खर्डा तसाच होता. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याची चोरी, तपास करणारे दोघे एकमेकांच्या प्रेमात. ४० हजार शब्द झाल्यावर लक्षात आलं की एकाच्या जागी बाई घातली तरी कथानकातलं काहीच हलत नाही. तो खर्डा बाजूला ठेवला.

दुसऱ्या खेपेला गुपितापासून सुरुवात केली. कोल्हापुरात दोन पुरुषांनी भेटायचं कुठे, यावर बाहेरचा लेखक पानंच्या पानं खर्च करेल. इथे ती अडचण फारशी नाही. रंकाळ्याच्या कठड्यावर रात्री दहाला गळ्यात हात टाकून बसलेल्या दोघांकडे कुणी वळूनही बघत नाही. गाडीवर डबलसीट, एका खोलीत दोघे, सगळं खपतं. खपत नाही ते स्थळ नाकारणं. पहिलं नाकारलं तर पोरगा चोखंदळ, तिसऱ्याला ‘कुठं जमलंय काय रे?’, सातव्याला घरातले विचारायचंच सोडतात. तणाव त्या न विचारण्यात असतो. म्हणून ब्लॅकमेल करणारं पात्र तिथूनच उचललं: वधू-वर सूचक केंद्र चालवणाऱ्या काकू. कोण कारण न देता किती स्थळं परतवतो, याचा हिशेब त्यांच्या वहीत आयता असतो. (रहस्य फोडतोय, पण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.)

नायक दोघे. निहाल उद्यमनगरात पॅटर्नमेकर, म्हणजे फाउंड्रीत ओतकामासाठी लागणारे नमुने बनवणारा, संग्राम पाटबंधारे खात्यात, पंचगंगेची पातळी नोंदवणारा. आधी संग्राम आणि सुजित अशी नावं होती. घाईच्या प्रसंगात वाचकाचा गोंधळ व्हायचा, म्हणून एकाचं आद्याक्षर बदललं. निहालचा धंदा मात्र कामाला आला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. सगळीकडे मार्जिन सोडून जगणारा माणूस मला त्या आकड्यातून सापडला.

काळ ठरवताना कायदा आधी बघावा लागतो, कारण ‘पोलिसांत का जात नाहीत?’ हे वाचक पाचव्या पानावर विचारणारच. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरून कलम ३७७ उचललं. त्याआधीच्या कथेत तक्रार करणाराच अडकू शकतो; नंतरच्या कथेत कायदा बाजूने असतो आणि भीती घरात. मी ऑगस्ट २०१९ घेतला. निकालाला अकरा महिने झालेत, संग्रामला कलमं पाठ आहेत, आईला सांगायचं वाक्य तेवढं सापडत नाही. इथे एक चूक झाली होती: पोलीस ठाण्याच्या प्रसंगात खंडणीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ लिहून बसलो. ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. २०१९ मध्ये दंडसंहितेचं ३८४ हवं.

पैशाचा मार्गही तपासून घ्यावा. यूपीआयवर पैसे पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं, म्हणजे निनावीपणा तिथेच संपला. रोख हवी. पहिली मागणी ५ हजारांची, कारण एवढी रक्कम माणूस कुणाला न विचारता देऊन टाकतो. आणि एकदा दिली की गुपित आहे हे कबूल केल्यासारखंच. २५ हजार नंतर. रक्कम गाडीच्या डिकीत ठेवायची.

घड्याळ म्हणून पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. कोल्हापूरकराला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. प्रकरणांना नावं न देता पाण्याची पातळी दिली. मात्र पहिल्या लेखनात पूर सिनेमातल्यासारखा भिंत होऊन आला. पंचगंगेचा पूर तसा येत नाही, तो पायरी-पायरीने चढतो. आधी प्रयाग चिखली-आंबेवाडी, मग नाल्यातून उलटं आत शिरून शाहूपुरीची कुंभार गल्ली. माणसं गाड्या हलवतात, धान्य वर चढवतात, पुन्हा जाऊन खूण बघून येतात. राधानगरीचे सात दरवाजे तर स्वयंचलित. धरण भरलं की आपसूक उघडतात, कुणाला विनवण्या करून थांबत नाहीत. रहस्याला हे जास्त सोयीचं, कारण विचार करायला वेळ मिळतो आणि उपाय मिळत नाही. प्रेमाची कबुली ३९ वर ठेवली, काकूंचा उलगडा ४३ नंतर. आधी दोन्ही एकाच प्रकरणात होते, त्यामुळे दोन्ही फिके पडले होते. पुढे पाणी ५५ फुटांवर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तिथे दोघांना माडीवर अडकवण्यासाठी मला वेगळं काही रचावं लागलं नाही.

खरी मेहनत भाषेची. ‘त्याने त्याच्या शर्टाचं बटण लावलं’: कुणी, कुणाच्या? शिस्तीने बघितलं तर स्वतःचा शर्ट असेल तिथे ‘आपल्या’ येतं आणि ‘त्याच्या’ म्हणजे दुसऱ्याच्या. पण ही शिस्त आता लेखकच पाळत नाहीत, तर वाचकाने का पाळावी? मराठीत क्रियापदावरून लिंग कळतं, पण दोघेही पुरुष म्हटल्यावर त्याचा उपयोग शून्य. शेवटी नियम केला: प्रसंग ज्याच्या नजरेतून, तो ‘तो’, दुसरा कायम नावाने. तरी दर वाक्यात नाव आलं की हजेरी घेतल्यासारखं वाटतं, म्हणून जिथे जमेल तिथे कर्ताच गाळला.

निनावी मेसेजमध्ये हेच क्रियापद उलटं आडवं येतं. ‘मी येतो’ लिहिलं की पुरुष, ‘येते’ लिहिलं की बाई. त्यामुळे अकरापैकी पहिले नऊ मेसेज ‘मी बघितलंय’, ‘मला सगळं ठाऊक हाय’ या साच्यात बसवले. त्यात लिंग लपतं. दहावा मुद्दाम फोडला: ‘डिकी उघडी ठेव, मी बघतो.’ पुण्याचा वाचक पुरुषाला शोधायला लागतो. कोल्हापूरचा वाचक थबकतो, कारण इथल्या कितीतरी बायका-पोरी ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. चौथ्या प्रकरणात काकू स्वयंपाकघरातून ‘आलो, आलो, बसा की’ म्हणतात, तो दुवा. आणि मुद्रितशोधकाने नेमकं तेच ‘शुद्ध’ केलं! सगळीकडे ‘आले, आले’. पुरावाच पुसला गेला. तेव्हापासून हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर ‘हे शब्द बदलू नयेत’ अशी यादी लावतो.

‘भावा’ या शब्दाचंही गणित मांडावं लागलं. इथे पेट्रोल भरणाराही भावा आणि जिवाभावाचाही भावा. बाराव्या प्रकरणापर्यंत निहाल संग्रामला भावाच म्हणतो, मग एके दिवशी म्हणत नाही. फोडून काही सांगितलं नाही, शब्द तेवढा थांबवला. पुढे पोलीस ठाण्यात हवालदारासमोर तो पुन्हा म्हणतो, ‘चल की भावा, पाणी वाढालंय.’ त्या ओळीला संग्राम उत्तर देत नाही.

शृंगाराच्या प्रसंगात मराठी एकतर संस्कृतात शिरते नाहीतर शिवीत. मधली वाट मान, पाठ, मनगट, फाउंड्रीच्या वाळूचा वास अशा रोजच्या नामांनी काढली. विशेषणं पहिल्याच कापणीत गेली.

शेवटाबद्दल एका प्रकाशकाने सुचवलं की दोघांपैकी एकाला पुरात जाऊ द्या, वाचक हळहळेल. या प्रकारात ते चालत नाही. वाचक भीती सोसतो ती दोघे शेवटी एकत्र असतील या भरवशावर. पण सुखान्त म्हणजे काय दाखवायचं? लग्नाची नोंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानेही समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही. मग बँक घेतली. खात्याला नॉमिनी म्हणून कुणाचंही नाव लावता येतं, आणि त्यासाठीच्या तेव्हाच्या डीए-१ अर्जात नात्याचा रकाना ‘असल्यास’ भरायचा असे. पूर ओसरल्यावर संग्राम भिजलेलं पासबुक बदलायला जातो. क्लार्क विचारते, ‘नातं काय लिहू?’ तो ‘मित्र’ म्हणतो, ती लिहिते आणि पुढचा अर्ज मागते. त्यानंतर आणखी दीड पान होतं, ते काढलं.