रूळ जिथे संपतात, तिथली वास्तू

वाटेवरच्या स्थानकात गाडी येते, काही उतारू उतरतात, काही चढतात आणि गाडी पुढच्या गावाला निघून जाते. टर्मिनसची गोष्ट निराळी असते. तिथे गाडी पूर्ण रिकामी होते, सगळे उतारू एकाच वेळी फलाटावर येतात आणि सगळेच्या सगळे एकाच दिशेने, म्हणजे रुळांच्या टोकाशी गाडी अडवणाऱ्या बफरच्या बाजूला, चालू लागतात. शिवाय आलेल्या गाडीला पुढे वाट नसल्याने ती ज्या तोंडाने आत शिरली, त्याच तोंडाने तिला बाहेर काढावे लागते. गर्दीला एका मुखातून वाट करून देणे आणि गाडीला उलटे फिरवणे या दोन अडचणींतून जगभरच्या टर्मिनसांची वास्तुकला घडली आहे. रेल्वेप्रमाणेच विमानतळांची आणि बसस्थानकांची रचनाही याच दोन प्रश्नांभोवती फिरते. या वास्तूंविषयी अनेक वर्षे वाचत आणि त्यांचे नकाशे पाहत आल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. वाहनाच्या मापाने बांधलेला भाग एकदोन पिढ्यांत निरुपयोगी ठरतो. चालणाऱ्या आणि थांबणाऱ्या माणसाच्या मापाने बांधलेला भाग मात्र वाहने कितीही बदलली तरी टिकून राहतो.

सुरुवातीला तर स्थानक कसे दिसावे हेच कोणाला ठाऊक नव्हते. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा मँचेस्टरच्या लिव्हरपूल रोड स्थानकाची दर्शनी बाजू त्या काळच्या सुखवस्तू घरासारखी बांधली गेली. पहिल्या वर्गासाठी एक दार, दुसऱ्या वर्गासाठी वेगळे दार, आत त्यांची वेगवेगळी तिकीटघरे आणि तिथून जिन्याने वर रुळांच्या पातळीला. चौदा वर्षांतच, १८४४ मध्ये, तिथली प्रवासी वाहतूक दुसऱ्या स्थानकावर गेली. इमारत मात्र उभी राहिली आणि पुढे संग्रहालयाचा भाग झाली.

त्यानंतरच्या तीनचार दशकांत टर्मिनसचा साचा ठरून गेला: रस्त्याच्या बाजूला दगडविटांची भारदस्त इमारत आणि तिच्या पाठीमागे फलाटांवर लोखंड व काचेचे प्रचंड छत. इमारत वास्तुविशारदाची आणि छत अभियंत्याचे, अशी कामाची वाटणी असे, आणि पुष्कळ ठिकाणी या दोघांचे एकमेकांशी काही देणेघेणे नसल्यासारखे दिसते. लंडनचे सेंट पँक्रस हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १८६८ मध्ये सुरू झालेल्या या स्थानकाचे छत विल्यम बार्लो यांनी आखले. एकाही मधल्या खांबाशिवाय सुमारे २४० फूट रुंदीची जागा झाकणारी ही एकच कमान त्या काळी जगातली सर्वांत मोठी होती. पुढचे गॉथिक शैलीतले हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे असून ते १८७०च्या दशकात पूर्ण झाले.

मला मात्र या स्थानकातील सर्वांत विचार करण्याजोगी जागा छताखाली नव्हे, तर फलाटांखाली वाटते. उत्तरेकडून येणाऱ्या रुळांना रीजंट्स कालवा वरून ओलांडायचा असल्याने फलाट रस्त्यापेक्षा बरेच उंच आले आणि त्यांच्या पोटात एक विस्तीर्ण तळघर तयार झाले. बर्टन गावाहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांसाठी ते वापरायचे ठरले, म्हणून बार्लो यांनी तळघराच्या ओतीव लोखंडी खांबांमधले अंतर पिंपांच्या मापावरून, १४ फूट ८ इंच असे, नक्की केले. त्याच खांबांवर टेकलेले फलाटांचे तुळयांचे जाळे कमानीची दोन टोके एकमेकांना बांधून ठेवते, त्यामुळे कमान बाहेरच्या बाजूला फाकत नाही आणि तिला वेगळ्या आडव्या ताणांची गरज उरत नाही. म्हणजे वरची मोकळी जागा खालच्या दाटीने पेलून धरली आहे. पुढे मालवाहतूक आटली आणि तळघर अडगळीचे झाले. १९६०च्या दशकात सगळे स्थानकच पाडण्याच्या गोष्टी सुरू होत्या. १९६७ मध्ये सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण मिळाल्याने ते वाचले. २००७ पासून युरोपातल्या गाड्या इथे येऊ लागल्या, तेव्हा फलाटांच्या तळाचा काही भाग कापून वरचा उजेड खाली आणला गेला, आणि पिंपांच्या त्या कोठारात आज प्रवाशांची तपासणी, प्रतीक्षा आणि ये-जा चालते. माझ्या मताला हा अपवाद वाटेल, कारण ही जागा मालाच्या मापाने आखली होती. परंतु ती वाचली ती माणसांना तिच्यात शिरायला वाट करून दिल्यावरच.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबद्दल लिहिताना मराठी माणसाचा हात साहजिकच अभिमानाने चालतो, आणि ते योग्यही आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये काम सुरू झाले, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात वास्तूला तिचे नाव मिळाले, पुढच्या वर्षी बांधकाम पुरे झाले आणि २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्या घुमटामुळे ही वास्तू ओळखली जाते, तो प्रवाशांच्या डोक्यावर नाही. तो आहे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य कार्यालयाच्या जिन्यावर. प्रवाशांच्या वाट्याला आले ते बाजूचे तिकीटघर, जे आपल्या नक्षीकामामुळे आजही देखणे आहे, आणि त्यामागचे फलाट. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ टर्मिनसांत सर्वांत उंच आणि सर्वांत खर्चिक भाग कंपनीच्या प्रतिष्ठेसाठी राखलेला असे. प्रवासी त्याच्या कडेने जात-येत.

याच टर्मिनसने गाडी फिरवण्याच्या अडचणीवरचा उपायही लवकर पाहिला. वाफेच्या इंजिनाची गाडी शेवटच्या फलाटावर आली की इंजिन बफर आणि डबे यांच्यामध्ये अडकून पडते. ते सोडवायचे, दुसरे इंजिन उलट्या टोकाला जोडायचे, पहिल्याला फिरत्या चकतीवर नेऊन त्याचे तोंड वळवायचे, या सगळ्यात फलाट बराच वेळ अडतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी इथून कुर्ल्याला हार्बर मार्गाने भारतातील पहिली विजेवर चालणारी गाडी सुटली. अशा गाडीच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. मोटरमन एका टोकाला उतरतो, दुसऱ्या टोकाच्या खोलीत गाडीचा ताबा घेतला जातो आणि गाडी परत निघते. एकही जास्तीचा फलाट न बांधता त्याच रुळांवर कितीतरी अधिक गाड्या येऊ-जाऊ शकल्या, त्याचे मूळ या साध्या सोयीत आहे. टोकियोला शिंकानसेन या अतिवेगवान गाड्यांच्या बाबतीत हाच हिशेब टोकाला नेलेला दिसतो. तिथे गाडी साधारण बारा मिनिटे फलाटावर असते, आणि उतारू उतरणे व नवे प्रवासी चढणे यांच्यामधल्या सात मिनिटांत सफाई कर्मचारी अख्खी गाडी झाडून-पुसून, आसनांची तोंडे प्रवासाच्या दिशेला वळवून मोकळे होतात. टर्मिनसची क्षमता वास्तूइतकीच या माणसांच्या हातांवरही अवलंबून असते, हे वास्तुकलेवर लिहिणारे सहसा सांगत नाहीत.

वाहनाशी फार घट्ट जुळवून घेतलेल्या वास्तूंचे काय होते, ते पॅरिसच्या ऑर्से स्थानकात दिसते. १९००च्या जागतिक प्रदर्शनासाठी व्हिक्टर लालू यांनी ते बांधले. विजेची इंजिने असल्याने धूर नव्हता, म्हणून रूळ खालच्या पातळीवर ठेवून वर झुंबरांच्या हॉटेलासह राजेशाही दालन उभारता आले. सामानासाठी उद्वाहक (लिफ्ट) आणि उतरणी होत्या. पण गाड्या लांबत गेल्या आणि फलाट लांबवायला जागा नव्हती. १९३९ नंतर दूर पल्ल्याच्या गाड्या तिथे येईनाशा झाल्या. अवघ्या ३९ वर्षांत टर्मिनस म्हणून त्याचे मुख्य काम संपले. महायुद्धानंतर परतणाऱ्या बंदिवानांचे स्वागतकेंद्र म्हणून ते वापरले गेले, आणि १९८६ मध्ये तिथे कलासंग्रहालय सुरू झाले. फलाट आखूड पडले. दालन मात्र कधीच अपुरे पडले नाही.

न्यूयॉर्कच्या विमानतळावर ईरो सारिनेन यांनी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्ससाठी आखलेले टर्मिनल १९६२ मध्ये खुले झाले. ते पाहायला सारिनेन स्वतः हयात नव्हते. काँक्रीटची ती वळणे अजूनही डोळ्यांत भरतात. परंतु १९७० मध्ये बोइंग ७४७ वाहतुकीत आले आणि एका विमानातून एकदम उतरणाऱ्या उतारूंचा आकडा कितीतरी वाढला. तो लोंढा, त्यांचे सामान आणि पुढे वाढलेली सुरक्षा तपासणी सामावायला ती वास्तू अपुरी ठरली. २००१ मध्ये ते टर्मिनल बंद झाले आणि २०१९ पासून तिथे हॉटेल आहे. विमानतळांच्या बाबतीत हा बदल रेल्वेपेक्षा झपाट्याने होतो, कारण तिथे विमान, सामानाचे पट्टे आणि तपासणीची यंत्रे हे सारेच सतत बदलत असते.

कधी कधी तर नकाशावर प्रशासनाची भांडणेही कोरली जातात. १९१५ मध्ये पूर्ण झालेले जर्मनीतील लाइपझिगचे मुख्य स्थानक प्रशिया आणि सॅक्सनी अशा दोन राज्यांच्या रेल्वेंनी मिळून बांधले. २६ फलाट, त्यांतले १३ एकाचे आणि १३ दुसऱ्याचे; प्रवेशदालनेही दोन, एकसारखी. तिथल्या प्रवाशाला आपली गाडी कोणत्या राज्याची आहे हे माहीत असणे गरजेचे होते. राज्ये गेली, वाटणी गेली, जुळी दालने राहिली. २०१३ च्या डिसेंबरात शहराखालचा बोगदा सुरू झाला आणि उपनगरी गाड्या तिथे शेवट न करता पलीकडे जाऊ लागल्या.

या सगळ्यांत न्यूयॉर्कचे ग्रँड सेंट्रल टर्मिनल मला सर्वांत शहाणे वाटते. १९०२ मध्ये तिथल्या बोगद्यात धूर आणि वाफेमुळे सिग्नल न दिसून गाड्यांची टक्कर झाली आणि १५ माणसे दगावली. त्यानंतर अभियंता विल्यम विल्गस यांनी वाफेची इंजिने काढून वीज आणण्याची, रूळ जमिनीखाली दोन मजल्यांत नेण्याची आणि वर मोकळ्या होणाऱ्या जागेवर इमारती बांधू देऊन खर्च भरून काढण्याची योजना मांडली. उघड्या रुळांनी शहराचे दोन तुकडे झालेले होते, तिथे पार्क अव्हेन्यू हा रस्ता उभा राहिला. टर्मिनल २ फेब्रुवारी १९१३ रोजी खुले झाले. रुळांच्या टोकाला वळसे ठेवल्याने गाड्या न थांबता वळून बाहेर पडू शकत. पण वास्तूचे खरे कसब आहे ते चालण्याच्या मार्गांत. रस्त्यापासून फलाटापर्यंत सामान घेऊन जाणाऱ्या माणसाला शक्यतो पायऱ्या लागू नयेत, म्हणून जागोजाग उतरणी केल्या आहेत, आणि त्यांचा उतार किती असावा हे ठरवण्यासाठी वेगवेगळ्या उतारांचे नमुने बांधून त्यांवरून माणसे चालवून पाहण्यात आली. सगळ्या उतरणी मधल्या दालनाकडे येतात. सुमारे २७५ फूट लांब आणि १२० फूट रुंद असलेल्या त्या दालनाच्या मध्यभागी चौकशीची खिडकी आहे आणि तिच्यावर चार तोंडांचे घड्याळ. परक्या माणसाला पाटी न वाचताही आपण योग्य ठिकाणी आलो हे कळते. दूर पल्ल्याच्या गाड्या तिथून गेल्या, उपनगरी गाड्या उरल्या, २०२३ मध्ये खूप खोल तळाशी आणखी एक नवे स्थानक जोडले गेले, तरी ते दालन बदलावे लागले नाही.

रोजच्या वापराचा विचार याच्याइतक्याच बारकाईने करणारी दुसरी एक गोष्टही तिथलीच आहे. फलकावर दाखवलेल्या वेळेनंतर मुद्दाम एक मिनिटाने गाड्या सोडण्याची तिथे रीत आहे, जेणेकरून शेवटच्या क्षणी येणारा माणूस धावताना घसरून पडू नये. इंग्लंडमधील प्रेस्टनचे १९६९ चे बसस्थानक हेही याच जातकुळीचे. दोन्ही बाजूंना मिळून ८० बस उभ्या राहतील एवढे ते लांब होते, आणि चालणाऱ्यांनी बसच्या वाटेत येऊ नये म्हणून त्यांना भुयारी मार्गांनी आत आणले जाई. ही कल्पना हेतूने चांगली होती, पण भुयारातून जायला माणसांना आवडत नाही. नूतनीकरणात बस एकाच बाजूला ठेवून शहराकडची बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी केली, ते मला अधिक योग्य वाटते.

बसायच्या जागेबद्दल मात्र आजच्या टर्मिनसांकडे पाहून वाईट वाटते. न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९१० मध्ये उभे राहिले आणि १९६३ पासून पाडले गेले. फलाट जमिनीखाली तसेच राहिले आणि लाखो प्रवासी बुटक्या छतांच्या भुयारांत ढकलले गेले. त्या धक्क्यातून १९६५ मध्ये शहराचा वारसा जपणारा आयोग आला. ग्रँड सेंट्रलवर मनोरा बांधण्याचा बेत त्याने अडवला, आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. पेनसिल्व्हेनिया स्टेशनच्या प्रवाशांना पुन्हा उजेड मिळायला २०२१ साल उजाडले. समोरच्या जुन्या टपाल कार्यालयाच्या चौकावर काचेचे छत घालून मोयनिहान दालन खुले झाले. दालन सुंदर आहे, उंच आहे, स्वच्छ आहे. पण खुले झाले तेव्हा सर्वांसाठी असलेल्या मधल्या भागात बाके ठेवलेली नव्हती. बसायची सोय तिकीटधारकांच्या वेगळ्या कक्षात होती, आणि म्हणून उद्घाटनानंतर लगेचच लोक जमिनीवर बसलेले दिसू लागले. बेघर माणसे तिथे मुक्काम करतील या भीतीने बाके कमी करण्याची ही पद्धत अनेक देशांतल्या स्थानकांत आणि बसथांब्यांवर पसरली आहे. तिचा पहिला फटका बसतो तो म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांना आणि लहान मुले कडेवर घेऊन गाडीची वाट पाहणाऱ्यांना. नव्या टर्मिनसचा आराखडा प्रसिद्ध झाला की मी छताचे चित्र बाजूला ठेवून आधी तळमजल्याचा नकाशा उघडतो आणि त्यात बाके कुठे दाखवली आहेत ते शोधतो.