टाका

"दादा, हात बसलेलो आसा. पायाक काय होवचा नाय."

वाऱ्याने आडवा झालेला फणस कापायला आलेला माणूस. खाली बर्म्युडा, पायात स्लीपर, हातात चेनसॉ. मी मुद्दाम मागवून ठेवलेले चॅप्स, म्हणजे करवतीपासून पाय वाचवायला पायांवर बांधायचं जाड आवरण, पुढे केले, तर हसला. उकडतं म्हणे त्यात. खोटं नाही, आपल्या कोकणात ते घालून दहा मिनिटं उभं राहून बघा.

मी आपलं ज्ञान पाजळलं. ह्याच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन कापडाला लागली की ते धागे ओढले जाऊन मशीनच्या आत गुंततात आणि चेन जागीच अडकते. क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर चेनवेगाला तपासलेलं. एकदा कट बसला की टाकून द्यायचं, शिवून परत वापरायचं नाही.

"शिवून" म्हटल्यावर त्याने खाली पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. बर्म्युडाला डाव्या गुडघ्याच्या वर वीतभर आडवी शिवण. दोरा पांढरा, कापड निळं.

"गेल्या पावसात. नुसती चड्डीच गेली," म्हणाला, आणि मशीनची दोरी ओढली.

मी लांब पायरीवर जाऊन बसलो. बघवत नव्हतं, आणि उठून आतही जाववत नव्हतं. काम थांबवायला हवं होतं का? पण फणस वाटेत आडवा होता, आणि घाई माझीच होती.

चहाला थांबला तेव्हा चॅप्सची घडी घालून त्यावरच बसला. म्हणाला, "मऊ आसा."