ते हिरवं बटण कुठेच नव्हतं

मे २०२४. जळगाव, रावेर आणि नंदुरबारचं मतदान १३ तारखेला, धुळ्याचं २० ला. आमच्या वृत्तपत्राच्या जळगाव डेस्कवर त्याआधी एके दिवशी एकच मोठं पान लावायचं होतं: खान्देशातल्या चार खासदारांचा पाच वर्षांचा हिशेब. चौकट ठरलेली होती. हजेरी, विचारलेले प्रश्न, महत्त्वाच्या विधेयकांवरचं मत. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान लवकर सोडावं लागतं, त्यामुळे दुपारपर्यंत आकडे पक्के हवे होते.

अकराच्या सुमारास अमळनेर तालुक्यातल्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याचा फोन आला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर त्याने वाचून दाखवला. तीन कृषी कायद्यांच्या मतदानात चारही खासदारांनी हिरवं बटण दाबलं, लोकसभेच्या नोंदीत नावं आहेत, स्वतः पाहा. "भाऊ, हाई खरं शे का?"

खरं तर प्रश्न दोन मिनिटांचा वाटला. २०१९ ला चारही जागा भाजपकडे होत्या, कायदे भाजप सरकारचे. पण 'नोंदीत नावं आहेत' असं म्हटलं की नोंद काढावी लागते. ती काढायला बसलो आणि दुपार त्यातच गेली.

हिरवं बटण असतं, हे खरं. मतविभाजन पुकारलं की जुन्या सभागृहात साडेतीन मिनिटं घंटा वाजायची, मग लॉबीची दारं बंद. सदस्य आपल्या ठरलेल्या जागेवर बसायचा. बाजूने असेल तर हिरवं, विरोधात लाल, तटस्थ राहायचं तर पिवळं. पहिला ठोका पडला की बटणाबरोबर मतदान सुरू करणारी कळही दाबायची आणि दुसऱ्या ठोक्यापर्यंत, म्हणजे दहा सेकंद, दोन्ही धरून ठेवायची. हात लवकर सुटला की मत नोंदलं जायचं नाही. म्हणून फलकावर लागलेला आकडा 'दुरुस्तीच्या अधीन' असतो आणि ज्यांचं मत नोंदलं गेलं नाही त्यांच्या चिठ्ठ्या नंतर येतात. अंतिम आकडा चिठ्ठ्या धरून असतो, त्यामुळे मतदानानंतर लगेच टीव्हीवर दिसलेला आकडा आणि छापील कार्यवाहीतला आकडा जुळेलच असं नाही. पानावर घ्यायचा तो कार्यवाहीतला.

हे सगळं होतं ते मतविभाजन झालं तरच. लोकसभा अध्यक्ष आधी आवाजी कौल घेतात. त्याला कुणी आव्हान दिलं नाही, की विधेयक मंजूर आणि नावानिशी नोंद शून्य. कृषी विधेयकांपैकी अत्यावश्यक वस्तूंचं लोकसभेत १५ सप्टेंबर २०२० ला मंजूर झालं, उरलेली दोन १७ सप्टेंबरला. तिन्ही आवाजी मतदानाने. राज्यसभेत २० तारखेला विरोधकांनी मतविभाजन मागितलं, ते मिळालं नाही, त्यावरून गोंधळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. एवढंच काय, २९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेणारं विधेयकही आवाजी मतदानानेच गेलं. म्हणजे आणताना आणि नेताना, दोन्ही वेळा बटणाचा संबंध आलाच नाही.

तासाभराने उलट मजकूरही हाती आला: 'आपल्या भाऊंनी तेव्हा विरोधात मत दिलं होतं.' त्यालाही तितकाच आधार, म्हणजे काहीच नाही.

मग नोंद कशाची सापडते? घटनादुरुस्तीची हमखास. घटनेच्या कलम ३६८ प्रमाणे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश, असं दुहेरी गणित दाखवावं लागतं, त्यामुळे मोजणी टळत नाही. पण राज्यांच्या ओबीसी यादीचं १२७ वं घटनादुरुस्ती विधेयक ३८५ विरुद्ध ०, महिला आरक्षण ४५४ विरुद्ध २. अशा यादीत आपला खासदार सापडतो खरा, कळत मात्र काहीच नाही. वादाच्या विधेयकांची नोंदही आहे: तिहेरी तलाक ३०३ विरुद्ध ८२, जम्मू-काश्मीर पुनर्रचना ३७० विरुद्ध ७०, नागरिकत्व दुरुस्ती ३११ विरुद्ध ८०. तिथे पक्षादेश, म्हणजे व्हिप, असतो. तो मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर घटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदीखाली, सदस्यत्व जाऊ शकतं. 'खासदाराचं मत' म्हणून आपण जे छापतो, ते बहुतेक वेळा पक्षाचंच असतं, हे माझं जुनं मत त्या दिवशी आणखी घट्ट झालं.

इकडे ट्रेनी मुलाने तक्ता भरून आणला आणि नंदुरबारच्या ओळीत गडबड दिसली. कार्यवाहीतली यादी इंग्रजी वर्णक्रमाने, आडनाव आधी. सतराव्या लोकसभेत गावित दोन: नंदुरबारच्या डॉ. हीना गावित आणि पालघरचे राजेंद्र गावित. पोराने एका ठिकाणी पालघरची ओळ उचलली होती. पाटलांचं तर विचारूच नका. जळगावचे उन्मेष, भिवंडीचे कपिल, सांगलीचे संजयकाका, हिंगोलीचे हेमंत, साताऱ्याचे श्रीनिवास, वर नवसारीचे सी. आर. पाटील, आणि तेही मूळचे जळगाव जिल्ह्याचेच. नाव पूर्ण जुळवल्याशिवाय खूण करायची नाही, हा नियम तेव्हापासून भिंतीवर लावलाय.

दुसरी चूक जास्त वाईट होती. यादीत नाव नाही, म्हणून त्याने 'विरोधात' लिहिलं. यादीत फक्त बाजूचे, विरोधातले आणि तटस्थ असतात. गैरहजर माणूस कुठेच नसतो. सभात्याग केलेलाही नसतो. त्या दिवसाच्या हजेरीशी ताडून पाहावं, तर तेव्हा हजेरीची सही दिवसभरात कधीही केलेली असायची, त्यामुळे 'सही आहे, मत नाही' इतकंच म्हणता यायचं.

हजेरीचंही तसंच. मागच्या टर्मशी तुलना करताना धुळ्याच्या डॉ. सुभाष भामरे यांच्यापुढे शून्य पडलं होतं. ते २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते आणि मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत, उत्तरं देतात. तिथे शून्य नव्हे, 'लागू नाही' हवं. (जून २०२४ मध्ये रावेरच्या रक्षा खडसे केंद्रात राज्यमंत्री झाल्या, तेव्हापासून त्यांच्या ओळीलाही हेच लागू. पुढचा तक्ता करणाऱ्याने लक्षात ठेवावं.) प्रश्नांच्या संख्येवर तर मी भिस्त ठेवतच नाही. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात लोकसभेने दहा सदस्य काढले, त्यांत जळगाव आणि एरंडोल, असे दोन आपल्याकडचे होते.

शेवटचा वाद पक्षाच्या रकान्यावरून झाला. उन्मेष पाटील एप्रिलमध्ये भाजप सोडून उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेत गेले होते. आजचा पक्ष लावला, तर २०१९ ची मतं शिवसेनेच्या खाती दिसणार. आम्ही मत दिलं तेव्हाचा पक्ष लावला आणि खाली बदलाची तारीख टाकली.

कृषी कायद्यांपुढे छापलं: 'आवाजी मतदान, नावानिशी नोंद नाही. पक्षाची भूमिका बाजूने.' हे दुसरं वाक्य काढा, असा आग्रह झाला होता. ठेवलं. बटण सापडलं नाही म्हणजे भूमिका नव्हती, असा अर्थ कुणी काढायला नको.

पान सोडल्यावर त्या शेतकऱ्याला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने, मग म्हणाला, "मंग तो आवाज कोना व्हता भाऊ?"

कार्यवाहीत तीन शब्द आहेत, तेच वाचून दाखवले. प्रस्ताव स्वीकृत झाला.