पाचवा गिअर

आमच्या घरी 1984 सालची प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणजे जुनी फियाट. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. 1089 सीसीचं इंजिन, चाळीसेक घोडे आणि चार गिअर. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या मागून डावीकडे निघते, त्यामुळे पुढची सीट बाकासारखी अख्खी. कोल्हापुरात फिरायला चार गिअर पुष्कळ होतात. दसरा चौकातून बिंदू चौकात जायला तिसऱ्याच्या वर जावंच लागत नाही. पंचाईत होते ती महामार्गावर. ताशी सत्तर गाठले की इंजिन 'आता पुढे काय?' असं विचारू लागतं, आणि पुढे काहीच नसतं. डावा हात उगाच दांडीकडे जातो आणि तसाच परत येतो.

त्या हाताला काम मिळावं म्हणून मी गाडीला पाचवा गिअर बसवायचं ठरवलं.

"आश्रम चार, वेद चार, गिअर चार," बाबा म्हणाले.

"पाचवा वेदही आहे की."

"आहे. पण तो घरात ठेवू नये म्हणतात."

पहिला प्रश्न, गिअरबॉक्स आणायचा कुठून? हल्लीच्या बहुतेक गाड्यांचं इंजिन आडवं बसतं आणि पुढचीच चाकं ओढतं. त्यांच्या गिअरबॉक्सला मागे शाफ्ट जोडायला जागाच नसते. पद्मिनीचं सगळं उभं. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. म्हणून शोध मारुतीच्या जिप्सीपाशी येऊन थांबला. जिप्सी चारही चाकांवर चालते खरी, पण ताकद वाटून देणारी तिची पेटी गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मधे एक आखूड शाफ्ट. ती पेटी सोडून दिली की उरतो तो साधासरळ पाच गिअरचा डबा. भंगार बाजारात मिळाला. मिस्त्रींनी तो बाकड्यावर ठेवला, पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूने एकेक खूण केली, पाचवा टाकला आणि म्हणाले, "मोजा, साहेब." मी पुढून चार फेरे फिरवले. मागे पाच झाले. म्हणजे चौथ्यात इंजिनाला जिथे 3000 फेरे मारावे लागतात, तिथे पाचव्यात 2400 पुरतात. एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

जुना डबा उघडल्यावर बाबांचा चौथ्यावर एवढा जीव का, ते थोडं कळलं. पहिल्या तीन गिअरांत ताकद खालच्या शाफ्टवर उतरते, दात्यांवरून फिरते आणि पुन्हा वर येते. चौथ्यात वरचे दोन्ही शाफ्ट एकमेकांत अडकून एकच होतात. इंजिनाचा एक फेरा तो मागेही एकच, मधे कुणी नाही. शुद्ध अद्वैत! पाचव्यात पुन्हा खालच्या शाफ्टचा संसार सुरू. मी हे बाबांना सांगितलं नाही. आयता मुद्दा कशाला हातात द्या?

सोयरीक जुळवणं मात्र सोपं नव्हतं. इंजिनाची भोकं एका जागी, डब्याची भलत्याच. शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने मधे बसवायला जाड पट्टी करून दिली: एका बाजूला फियाटची भोकं, दुसऱ्या बाजूला जिप्सीची. खरी कसोटी भोकांची नसते, मध्याची असते. इंजिनाचा मध्य आणि डब्याचा मध्य केसभर जरी चुकला तरी बेअरिंग ओरडायला लागतं. मिस्त्रींनी डायल लावून दोन दिवस त्या मध्याचा पिच्छा पुरवला. मग क्लच प्लेट: बाहेरची तबकडी फियाटच्या मापाची, मधले दाते जिप्सीचे. मग मागचा शाफ्ट कापून, जोडून, बॅलन्स करून आणला. स्पीडोमीटर तेव्हापासून खोटं बोलतो. त्याला मी माफ केलंय, खरा वेग फोन सांगतो.

आणि मग ती दांडी. नवा गिअर जमिनीतून वर येणार, म्हणजे पुढच्या बाकाच्या बरोबर मधे. ती माझी जागा. डावीकडे आई, उजवीकडे बाबा, मधे मी. प्रत्येक दिवाळीला असंच आजोळी गेलोय. त्या जागेला ना पट्टा होता ना कसला आधार, आज मुलीला मी तिथे बसूही दिलं नसतं. तरी मिस्त्री कटर घेऊन वाकले तेव्हा मी चहा आणायला बाहेर गेलो.

भोकावर स्क्रूने बसणारं झाकण आहे, उद्या पत्रा पुन्हा बंद करता येईल. जुना डबा तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. 2021 सालच्या नियमानुसार पन्नास वर्षं झालेल्या गाडीची नोंद 'व्हिंटेज' म्हणून करता येते, पण ती मूळ रूपात जपलेली हवी. आमची पन्नाशी 2034 साली. तेव्हाचं तेव्हा बघू.

पहिली फेरी पुण्याची. कराडच्या पुढे सरळ रस्त्यावर पाचवा टाकला आणि गाडीतला आवाज एकदम खाली बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच महामार्गावर आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि बोलायला कुणाला काही सुचत नव्हतं.

परतताना खंबाटकीचा घाट. पाचव्यावरून चौथा, चौथ्यावरून तिसरा, एका वळणावर चक्क दुसरा. घोडे अजून चाळीसच.

"तुझा पाचवा कुठे गेला?" बाबांनी शांतपणे विचारलं.

घाट संपल्यावर म्हणाले, "उतर, मी घेतो." डावा हात आधी स्टिअरिंगकडेच गेला, मग चाचपडत खाली आला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. सुरूर गेलं, सातारा जवळ आला, गाडी चौथ्यातच.

"बाबा, पाचवा टाका की."

त्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. "असू दे," ते म्हणाले, "शिल्लक राहू दे."