मुखपृष्ठाचा फोटो आणि अडून बसलेला निळा रंग

फोटो काढायला एक दुपार पुरली. तो छापायला जाईपर्यंत मात्र अकरा दिवस गेले, आणि त्यातले बहुतेक एका साध्या प्रश्नाचं उत्तर कुणी देत नव्हतं म्हणून. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून काढतेय.

काम होतं मासिकाच्या मुखपृष्ठासाठी एका लेखिकेचं पोर्ट्रेट. मागे करडा कागद, डावीकडून जरा वरून मोठा ऑक्टाबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणारी अष्टकोनी छत्रीसारखी पेटी, उजवीकडे सावली उजळायला पांढरा बोर्ड. 85 एमएमची लेन्स, एफ/8, आयएसओ 100. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडला होता आणि स्क्रीनवर मासिकाच्या नावाची पट्टी फोटोवर चढवून ठेवली होती, त्यामुळे डोक्यावर जागा किती सोडायची ते प्रत्येक फ्रेमला दिसत होतं. हे नक्की करा, डोळ्याच्या अंदाजावर राहू नका. बाईंनी गडद निळं जॅकेट घातलं होतं आणि त्यांना ते फार शोभत होतं.

निवडलेली फ्रेम 16 बिटमध्ये रिटच केली, फाइल पाठवली. दोन दिवसांनी मासिकाच्या कार्यालयातून निरोप आला, "निळा बरोबर नाही. दुरुस्त करून पाठवा."

माझा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे, म्हणजे रंग खरे दिसावेत म्हणून मोजून जुळवलेला. जॅकेट त्यावर जसं होतं तसंच दिसत होतं. मी विचारलं, कागद कोणता, प्रोफाइल कोणतं? (प्रोफाइल म्हणजे त्या कागदावर आणि शाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल.) उत्तर आलं, "सीएमवायके करून पाठवा." सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाया: सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा. पण सीएमवायके ही काही एकच गोष्ट नाही! कागद बदलला की शाई किती शोषली जाते ते बदलतं, आणि त्याबरोबर आकडेही. मी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मुदत जवळ आली होती, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेल्या प्रोफाइलनेच फाइल रूपांतरित करून पाठवली. यावेळी निरोप होता, "आता जांभळा दिसतोय." तिसऱ्यांदा मी अंदाजाने निळा हलका केला, तर चेहऱ्यावरची लाली गेल्याची तक्रार आली. रोज फोन करत होते, आणि रोज तेच ऐकत होते, "संबंधित माणूस जागेवर नाही."

शेवटी मी छापखान्याचाच नंबर मागून घेतला. मशीनवरच्या दादांनी दोन मिनिटांत सांगितलं, "कोटेड कागद, फोग्रा 39. एकूण शाई 300 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका." फोग्रा 39 हे प्रोफाइलचं नाव, कोटेड म्हणजे गुळगुळीत लेप दिलेला कागद, आणि 300 टक्के म्हणजे एकाच जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज. दोन मिनिटांत! ज्यासाठी माझा आठवडा गेला होता.

ते प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल याची स्क्रीनवरची झलक) उघडलं आणि शाईत न बसणारे रंग दाखवणारी गॅमट वॉर्निंग सुरू केली, तर जॅकेटची जवळजवळ अख्खी बाही वॉर्निंगच्या राखाडी रंगाने भरून गेली. म्हणजे तो निळा त्या शाईत बसणारच नव्हता. बाहीवर सायन 100 आणि मॅजेंटा 88 होता. हे दोन आकडे जवळ आले की निळा जांभळ्याकडे झुकतो. फक्त जॅकेटचं मास्क करून, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून, मॅजेंटा 65 वर आणला, त्वचेला हात लावला नाही. कोपराजवळच्या चुण्या सपाट झाल्या होत्या, त्या कर्व्हने, म्हणजे उजेड-सावलीतला फरक वाढवून, पुन्हा उठवल्या. छापील प्रूफ 5000 केल्विनच्या दिव्याखाली बघितलं. स्क्रीनवरची चमक त्यात नव्हती, पण रंग निळाच होता आणि चेहरा जिवंत होता. तेव्हा कुठे मोकळा श्वास घेतला.

म्हणून सांगते, कपडे ठरवायच्या आधी प्रोफाइल विचारा, तेही लेखी. मला ते आधी कळलं असतं, तर जॅकेटचा रंग शूटच्या आधीच बोलून घेतला असता. आणि कार्यालयातून उत्तर येत नसेल, तर संपादकांना सांगून थेट छापखान्याशी बोला. त्यात कमीपणा नाही.

रिटचिंगबद्दल एवढंच, की त्वचेची रंध्रं पुसू नका. डॉज आणि बर्नने, म्हणजे थोडा थोडा भाग उजळ किंवा गडद करत, हळूहळू काम करा.

आणि हो, ब्लीड राहिलंच, म्हणजे कापताना जाणारी कडेची जास्तीची जागा. ए4 आकाराच्या मुखपृष्ठाला चारही बाजूंनी 3 मिमी धरले, तर 300 पीपीआयला (एका इंचात 300 पिक्सेल) सुमारे 2551 बाय 3579 पिक्सेल लागतात. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याला पुरून उरतो. म्हणून फ्रेम घट्ट घेऊ नका, खालच्या कोपऱ्यात बारकोड येणार असतो आणि मी आधी बाईंचा हात नेमका तिथेच ठेवला होता.