जहाज दिसेपर्यंत तीन डाइव्ह

बालीतल्या तुलांबेनच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला वाळू नाही, गोटे आहेत. काळे, गुळगुळीत, काही नारळाएवढे. लाट मागे फिरली की सगळे मिळून खडखडत समुद्राकडे निघतात आणि त्यांच्यावर उभा असलेला माणूसही निघतो. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाची वजनं, हातात फिन्स, अशा थाटात मी पहिल्याच दिवशी गुडघाभर पाण्यात सपशेल आडवा झालो. शेजारून एक बाई डोक्यावर सिलिंडर घेऊन त्याच गोट्यांवरून सरळ चालत गेली. डाइव्हर्सची सिलिंडरं वाहण्याचं काम इथे गावातल्या बायका करतात. ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा.

शुक्रवारी रात्री विमानात बसायचं, बालीत दोन दिवस बुडालेल्या जहाजावर काढायचे आणि सोमवारी परत, असा बेत होता. अशा सहलीचं वेळापत्रक शेवटाकडून मांडावं लागतं. पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात, ऊतींमध्ये मुरतो. तो सावकाश बाहेर पडायला हवा. त्याआधीच विमानातल्या कमी दाबाच्या हवेत जाऊन बसलात, तर सोड्याची बाटली उघडल्यावर होतं ते अंगात होतं. म्हणून लागोपाठ डाइव्ह केल्यावर किमान १८ तास उडायचं नाही. आमचं विमान सोमवारी सकाळी सहाचं, म्हणजे रविवारी फार तर दुपारी बारापर्यंत पाण्याबाहेर. हिशेब करून हाती उरल्या तीन डाइव्ह: शनिवारी दोन, रविवारी पहाटे एक.

जहाजाचं नाव ‘लिबर्टी’. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘लिबर्टी शिप’ नावाची मालवाहू जहाजं धडाधड बांधली होती, त्यांतलंच हे एक, असं बरेच जण समजतात. मीही समजत होतो. प्रत्यक्षात हे त्यांच्याहून कितीतरी जुनं, १९१८ सालचं. ११ जानेवारी १९४२ रोजी लोम्बोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. दोन विनाशिकांनी त्याला ओढत सिंगाराजा बंदराकडे न्यायला घेतलं, पण पाणी इतकं भरत गेलं की शेवटी तुलांबेनच्या काठावर चढवून ठेवावं लागलं. तिथे ते तब्बल २१ वर्षं पडून होतं, कोरड्यावर! १९६३ मध्ये मागच्या अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यात हजाराहून अधिक माणसं गेली, आणि त्याच हादऱ्यांनी हे धूड घसरून पाण्यात गेलं. टॉर्पेडोला जे जमलं नाही ते डोंगराने केलं.

आता ते काठापासून तीसेक मीटरवर एका कुशीवर पडलं आहे. वरचा भाग पाच मीटरवर, तळ तीस मीटरच्या आसपास. बोट लागत नाही, पोहत जायचं.

पहिल्या डाइव्हमध्ये मला जहाज दिसलंच नाही. गाईडने बोटाने दाखवलं, मी मान डोलावली. समोर होता निळसर करड्या रंगाचा एक लांबच लांब ढिगारा, त्यावर मऊ प्रवाळ, भोवती मासे. इथे भिंत संपली, तिथे भोक पडलं, एवढंच कळत होतं. शिवाय माझं सगळं लक्ष सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणजे एकेका श्वासाला तिप्पट हवा जाते, आणि मी तर धावत बस पकडल्यासारखा श्वास घेत होतो. ३८ मिनिटांत माझी हवा ५० बार दाबावर आली. माझ्या बडीकडे, म्हणजे जोडीदार डाइव्हरकडे, तेव्हा ९० होती. त्याने ती मला दोनदा दाखवली.

दुपारी टॉर्च नेला. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच मरतो, त्यामुळे खाली सगळं शिळ्या राखेसारखं दिसतं. ढिगाऱ्यातल्या एका काळपट गोळ्यावर प्रकाश टाकला आणि तो स्पंज कुंकवासारखा लालभडक पेटला. टॉर्च हलवला, विझला. तोच खेळ मी बराच वेळ खेळत बसलो. जहाज अजूनही नव्हतंच.

रविवारी पहाटे अर्धवट अंधारात उतरलो ते बंपहेड पॅरटफिशसाठी. कपाळावर टेंगूळ असलेले, मीटरभर लांबीचे हे मासे रात्री जहाजाच्या आडोशाला झोपतात आणि उजाडताच कळपाने बाहेर पडतात. म्हशींसारखे संथ, आपल्याकडे ढुंकूनही न बघता. त्यांनी प्रवाळाचा लचका तोडला की कडाक् असा आवाज थेट कानाच्या हाडात येतो.

ते गेले तिकडे बघत असताना शेजारी एक चौकोनी भोक दिसलं. उंच दारासारखं. आदल्या दिवशी मी त्यातून दोनदा डोकावलो होतो. (आत खोलवर शिरणं हे वेगळ्या प्रशिक्षणाचं काम, पण हे जहाज इतकं फुटलंय की बहुतेक ठिकाणी डोक्यावर उजेड दिसतो.) या वेळी त्याची जाड, उचललेली कड दिसली आणि उमगलं: हे दार नाही. माल उतरवायचं, डेकवरचं भोक आहे हे. मी ज्याला भिंत समजत होतो ती जमीन होती. त्या क्षणी सगळं नव्वद अंशांत फिरलं. भिंतीचा डेक झाला, वाळूत गेलेल्या खांबाची डोलकाठी झाली, आणि सव्वाशे मीटरचं जहाज दोन्ही बाजूंना अंधुक होत लांबवर पसरत गेलं. पोटात गोळाच आला. मी मान वाकडी करून लटकून राहिलो, तेव्हा गाईडने मला ‘ठीक ना?’ अशी खूण केली.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. तिथे गोट्यांची खडखड पाण्यातूनही ऐकू येते.

दुपारभर काठावर बसून होतो. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर विमानाचं छोटं चित्र आणि त्याशेजारी उरलेले तास. पाणी सपाट. त्यात काही आहे असं कुणालाही वाटलं नसतं. मी मात्र मान वाकडी करून बघत होतो.